दादा, गरुडाची चोच राहू दे

काल पहाटे ५ वाजून ४० मिनिटांनी दादाने घरच्या ग्रुपवर गरुडाचा तो व्हिडिओ टाकला. खाली एक ओळ: 'आता आपल्यालाही चोच फोडायची वेळ आली.' दादा ४७ वर्षांचा आहे. कंपनीने मागच्या महिन्यात व्हीआरएसचा, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीचा, कागद त्याच्यापुढे सरकवला आणि वर एक 'प्रेरणा सत्र' ठेवलं. तिथल्या ट्रेनरने हीच गोष्ट पडद्यावर दाखवली. एरवी असले फॉरवर्ड मी न उघडताच उडवतो. हा नाही उडवणार.

गोष्ट बहुतेकांना पाठ असेल. गरुड म्हणे ७० वर्षं जगतो. चाळिशीत त्याची चोच वाकते, नख्या निकामी होतात, पिसं जड होतात. मग तो डोंगरावर जाऊन खडकावर चोच आपटून तोडतो. नवी आली की तिने नख्या उपटतो, नव्या नख्या आल्या की पिसं. १५० दिवसांनी तरुण होऊन पुढची ३० वर्षं जगतो.

आधी ते १५० दिवस घ्या. दसऱ्याला चोच फोडली तर होळी येईपर्यंत हा प्राणी डोंगरावर बसून आहे. चोच नाही, म्हणजे मांस फाडता येत नाही. नख्या नाहीत, म्हणजे शिकार धरता येत नाही. शेवटी अंगावर पिसंही नाहीत. खातो काय? डबा कोण पोचवतं?

आणि चोच म्हणजे काही वाढलेलं नख नव्हे. वरचं कवच केराटिनचं, म्हणजे नखांच्याच द्रव्याचं, पण आत जिवंत हाड असतं, रक्तवाहिन्या असतात. अलास्कात २००५ साली एका गरुड मादीच्या तोंडावर कुणीतरी गोळी झाडली आणि तिची वरची चोच गेली. ती सापडली कचरा डेपोवर, उपाशी, मरायला टेकलेली. पुढे तिचं नाव ब्यूटी ठेवलं. आयडाहोत पक्षी सांभाळणारे लोक तिला हाताने भरवत होते. २००८ मध्ये तिला कॉम्प्युटरवर आराखडा करून घडवलेली कृत्रिम चोच बसवली, तेव्हा कुठे ती आपली आपण पाणी प्यायली. मधे तीन वर्षं गेली! नुसतं डोंगरावर बसून भागत असतं तर एवढी खटपट कुणी केली असती?

नख्यांचंही तेच, आत बोटाचं शेवटचं हाड असतं. ते उपटायचं?

बरं, एक गोष्ट मान्य करतो. चोचीचं वरचं कवच जन्मभर वाढत असतं. रानात ते खाताना आणि घासून झिजतं, पिंजऱ्यातल्या पक्ष्याचं वाढलं तर माणसाला कापावं लागतं. पिसंही गळून नवी येतात, पण थोडीथोडी, उडणं चालू ठेवून. गोष्ट रचणाऱ्याने बहुधा इथूनच धागा उचलला.

व्हिडिओतला गरुड पांढऱ्या डोक्याचा आहे, म्हणजे अमेरिकेतला. आपल्याकडचा सर्पगरुड असा दिसत नाही, पण जाऊ दे.

ट्रेनरसाहेबांचं मात्र कौतुक आहे. गोष्टीतला गरुड निदान स्वतःची चोच स्वतः फोडतो. दादाची कुणी फोडली? २१ वर्षं मशीनवर उभं राहिलेल्या माणसाला 'तुझी चोच वाकली आहे' असं पडद्यावर गरुड नाचवून सांगायचं, आणि वर त्यानेच ते आनंदाने फॉरवर्ड करायचं. वहिनीने त्यावर अंगठासुद्धा दिला नाही.

राहता राहिली ७० वर्षं. व्हिडिओतल्या त्या पांढऱ्या डोक्याच्या जातीचा गरुड रानात २०-३० वर्षं जगला तरी खूप. २०१५ च्या जूनमध्ये न्यूयॉर्क राज्यात रस्त्याकडेला एक मेलेला सापडला, बहुधा गाडीने उडवलेला. पायात १९७७ साली ओळखीसाठी घातलेली कडी होती, त्यावरून वय निघालं ३८. रानातला इतका म्हातारा गरुड तिथे तोवर नोंदलेला नव्हता. शेजारी नुकताच मारलेला ससा पडला होता. दादा, त्या वयातही त्याची जुनीच चोच होती.