मेडिकलवाल्याने बीपी मोजलं तर

घरच्या ग्रुपवर आठवडाभर एकच वाद चालू आहे. माझ्या मावसभावाने (तो डॉक्टर आहे) लिहिलं, "मेडिकलवाल्यांना बीपी बघू दिलं तर उद्या चिठ्ठ्याही तेच लिहितील. गोळ्या द्याव्यात आणि गप्प बसावं." खाली अकरा अंगठे. मी दोनदा उत्तर टाइप केलं, दोनदा पुसलं. इथून काही बोललं की "तुमच्या लंडनचं सांगू नकोस" हे ठरलेलं. मी लेस्टरला राहतो, पण ते असो.

मागच्या वर्षी मुलीचा इनहेलर आणायला गेलो तेव्हा फार्मासिस्ट बाईंनी विचारलं, चाळिशी झाली ना, बीपी कधी मोजलंय? आतल्या खोलीत खुर्चीला पाठ टेकवून, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं बसवलं. मी बोलायला लागलो तर बोटानेच थांबवलं. नेहमीचा पट्टा दंडाला तोकडा पडत होता, म्हणून मोठा काढला. 152/96. पुन्हा घेतलं, तरी 148/94. मग 24 तासांचं यंत्र दंडाला बांधून घरी पाठवलं आणि सगळे आकडे जीपीकडे, म्हणजे आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे, गेले. गोळी जीपीनेच लिहिली. एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, ऑक्टोबर 2021 पासून इंग्लंडमधल्या फार्मसींतून हे करतंय, डॉक्टरांचं काहीही हिरावून न घेता.

आणि समजा चिठ्ठी लिहिलीच, तर? कॅनडातल्या अल्बर्टात जादा मान्यता मिळालेले फार्मासिस्ट 2007 पासून लिहितात. लॉस एंजेलिसमध्ये तर फार्मासिस्ट कृष्णवर्णीयांच्या केशकर्तनालयांत जाऊन बसले, डॉक्टरांशी ठरवून घेऊन औषधं बदलत राहिले. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सहा महिन्यांत गिऱ्हाइकांचा वरचा आकडा सरासरी 27 ने उतरला. ज्यांना नुसता सल्ला मिळाला त्यांचा 9 ने. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2021 मध्ये प्रशिक्षण आणि डॉक्टरांची देखरेख या अटींवर याला हरकत घेतलेली नाही.

मावसभाऊ म्हणतो, इकडे परवाना भिंतीवर एकाचा आणि काउंटरवर दुसराच. खरं आहे, मीही ते बघितलंय. पण मग खरा फार्मासिस्ट काउंटरवर आणून बसवा की! रुग्णाला औषध समजावून सांगणं हे फार्मासिस्टचं कामच आहे, असं भारतातली 2015 ची नियमावली सांगते. इथे जे रोज घडतं ते तिकडे कागदावर का पडून राहावं, हे मला समजत नाही.

मला याचा एवढा राग येतो त्याचं कारण बाबा आहेत.

अ‍ॅम्लोडिपिनने पाय सुजतात म्हणून त्यांनी ती बीपीची गोळी परस्पर बंद केली. सूज हा त्या गोळीचा नेहमीचा त्रास, गोळी बदलून मिळाली असती. गुडघ्यासाठी वेदनाशामक मात्र चालूच होतं, आणि त्यानेही बीपी चढतं. दोन्ही गोळ्या एकाच दुकानातून यायच्या. एक नेतात, दुसरी नेत नाहीत, हे दिसण्यासारखी जागा तेवढी एकच. तिथे कुणी विचारलं नाही. एका रात्री बाबांना पक्षाघाताचा झटका आला. मी तिसऱ्या दिवशी कराडला पोहोचलो तेव्हा बाबांचा उजवा हात पांघरुणावर नुसता ठेवल्यासारखा पडला होता. घरी फळीवरच्या पट्टीत सहा गोळ्या शिल्लक होत्या.

दुकानाला दोष देणं सोपं आहे. दर रविवारी मीही फोनवर विचारायचो, "बीपी बरंय ना?" ते म्हणायचे, "एकदम नॉर्मल." इथे माझं नेहमीचं औषध फार्मसीत आठवडाभर पडून राहिलं तर त्या बाई फोन करतात. बाबांच्या बाबतीत ते माझं काम होतं. आणि त्या रात्री त्यांना गाडीत घालून दवाखान्यात नेलं ते याच मावसभावाने. उत्तर दोनदा पुसलं ते म्हणूनही.

बाबांच्या गोळ्या अजून त्याच दुकानातून येतात. काउंटरवरच्या मुलाला मी सांगून ठेवलंय, तारीख उलटली तर मला कळव. गेल्या महिन्यात दुकान उघडल्या उघडल्या त्याचा मेसेज आला, "काका आले नाहीत." इथे पहाटेचे साडेचार वाजले होते. मी मावसभावालाच फोन लावला.