परदेशातून : परतीची गाडी कितीची?

जळगाव जिल्ह्यातल्या चांगदेव गावच्या जुन्या मंदिराला रोषणाई हवी की ते आहे तसंच राहू द्यावं, यावरून आमच्या मुक्ताईनगरकडच्या मित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जुंपली आहे. एक गट म्हणतो, फूड कोर्ट करा, सेल्फी पॉइंट करा. दुसरा म्हणतो, हात लावू नका. खरं तर मंदिर केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे. 2010 च्या कायदादुरुस्तीनंतर शंभर मीटरच्या आत नवं बांधकाम करताच येत नाही. म्हणजे निम्मं भांडण हवेतच चाललंय.

मी हे अथेन्समध्ये बसून वाचतो. आई-आप्पा जूनमध्ये येताहेत, त्यांना सुनियॉनचा सूर्यास्त दाखवायचा बेत आहे. तिथे, अथेन्सपासून साधारण सत्तर किलोमीटरवर, समुद्रापासून साठेक मीटर उंच कड्यावर पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाचं मंदिर आहे, इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातलं. तिकीट वीस युरो. आप्पांनी फोनवरच त्याचे दोन हजार रुपये केले आणि गप्प झाले. आई दशम्या कोणत्या डब्यात आणायच्या ते विचारत होती. मग आप्पा म्हणाले, "ते जाऊ दे. परतीची गाडी कितीची आहे?"

सगळा बेत या एका प्रश्नावर बेतावा लागतो. जूनमध्ये इथे सूर्य पावणेनऊच्या सुमारास मावळतो आणि मंदिराचं फाटकही तेव्हाच बंद होतं. शेवटचा प्रवेश त्याच्या थोडा आधी. किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारी बस दीड-दोन तास घेते आणि तिचं वेळापत्रक मोसमागणिक बदलतं. म्हणून आधी शेवटची बस बघायची, मग सूर्यास्त, मग निघायची वेळ. वर वारा असा की टोपी हातात धरावी लागते. खांबांभोवती दोर बांधलेला आहे, जवळ जाता येत नाही. एका खांबावर इंग्रज कवी बायरनचं नाव कोरलेलं आहे. तेव्हा देवळावर नावं कोरायची खोड फक्त आपलीच, असं कुणी समजू नये.

ग्रुपवर एवढी चर्चा झाली, पण चांगदेवला दिवस मावळल्यावर माणूस परत कसा येणार, हे कुणीच विचारलं नाही. तिथे तापी-पूर्णेच्या संगमावर हतनूर धरणाच्या पाण्याचा फुगवटा आहे. ते पाणी बघायला वेगळी रोषणाई कशाला? महाशिवरात्रीच्या यात्रेला जादा गाड्या लागतात, तशी हिवाळ्यात शनिवार-रविवारी संध्याकाळची एक फेरी मागा. बरोबर एक स्वच्छतागृह, शंभर मीटरच्या बाहेर. आमदारांना निवेदन द्यायचंच असेल तर एवढंच लिहा. सही माझीही घ्या.