पितर, फादर आणि आमचा फॅमिली ग्रुप

काल ग्रुपवर परत तो फॉरवर्ड आला. ‘पितर-फादर, मातर-मदर, म्हणजे जगातल्या सगळ्या भाषा संस्कृतातूनच निघाल्या.’ खाली नमस्कारांची रांग. मामांनी मलाच टॅग केलं, ‘तू भाषाशास्त्र शिकलीस ना, बोल की.’ तिथे बोलले तर दिवाळीच्या फराळाला मुकेन, म्हणून इथे लिहितेय.

शब्द सारखे दिसले म्हणून नातं सिद्ध होत नाही हो. बदनाममधला फारसी ‘बद’ आणि इंग्रजी ‘बॅड’ अर्थाने जुळतात, उच्चाराने जुळतात, तरी नातं शून्य. योगायोग! नातं ओळखायचं ते फरकावरून, आणि तो फरक दर वेळी त्याच शिस्तीत यायला हवा. रास्मुस रास्क या डॅनिश माणसाने 1818 साली छापलेल्या निबंधात आइसलँडिकबद्दल हेच दाखवलं. ग्रीक-लॅटिनमध्ये प, तिथे फ. त असेल तिथे थ. द असेल तिथे त. आपले शब्द घालून बघा: पाद-फोतुर, त्रि-थ्रीर, दश-तीउ. गंमत अशी की रास्कने तेव्हा संस्कृत हिशेबात धरलंच नव्हतं! (नियमाला नाव मात्र परीकथावाल्या जर्मन याकोब ग्रिमचं लागलं. बिचारा रास्क.) पुढे रशिया, इराण करत तो 1820 मध्ये चक्क मुंबईला आला आणि अवेस्ताच्या, म्हणजे पारशांच्या धर्मग्रंथाच्या, पोथ्या जमवून कोपनहेगनला घेऊन गेला.

पण या नियमात एक खोच होती. भ्रातर आणि पितर, दोन्हींत त. मग जर्मनमध्ये एकीकडे ब्रूडर आणि दुसरीकडे फाटर, असं का? कित्येक वर्षं हे अपवाद म्हणून सोडून दिलेलं. 1870च्या दशकात कार्ल व्हेर्नरने, हाही डॅनिशच, उत्तर काढलं ते वेदांच्या स्वरांवरून. ‘भ्राता’मध्ये उदात्त, म्हणजे उंच स्वराचा आघात, पहिल्या अक्षरावर, ‘पिता’मध्ये शेवटच्या. जर्मन, इंग्रजी, आइसलँडिक यांच्या घराण्यात हा जुना आघात कधीच पुसला गेला होता, खूण तेवढी व्यंजनात उरली. आपल्याकडे मात्र वैदिकांनी तो पाठांतराने जपला.

मला अभिमान वाटतो तो याचा. संस्कृत या भाषांची आई नाही (ती आई त्याहून जुनी, आता हरवलेली), थोरली मावशी आहे, आणि मावशीची स्मरणशक्ती दांडगी.

आणि मामा, फॉरवर्डच करायचं तर हे करा: फिनिश ही आपल्या भाषाकुळातली नाहीच, तरी तिथे शंभरला म्हणतात ‘सता’. हा शब्द त्यांनी खरोखरच आपल्या बाजूच्या, इंडो-इराणी भाषा बोलणाऱ्यांकडून हजारो वर्षांपूर्वी उसना घेतलाय. अजून परत केलेला नाही.