भांडतात म्हणून द्यायचे आहेत

"दोन नर गिनीपिग, भांडतात म्हणून द्यायचे आहेत. पिंजरा फुकट." अशी पोस्ट दिसली की मी पहिल्यांदा वय विचारते. उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं: चार महिने, सहा महिने, फार तर आठ. म्हणजे ऐन वयात आलेली पोरं! त्या वयात भांडणार नाहीत तर कधी भांडणार?

आमच्याकडे बंडू आणि तात्या, सख्खे भाऊ. पाच महिन्यांचे होईपर्यंत एकमेकांच्या अंगावर झोपायचे. मग एके सकाळी बंडू घुरघुरत, कंबर डोलवत तात्याभोवती फिरायला लागला. तात्या दात कटकटवतोय. मी घाबरून मध्ये हात घातला (अंगठ्यावरची खूण अजून गेलेली नाही, दोष माझाच) आणि दोघांना आठवडाभर वेगळं ठेवलं. तेही चुकलंच. कारण घुरघुरणं, अंगावर चढणं, नाक वर करून समोरासमोर उभं राहणं, हा सगळा घरात मोठा कोण ते ठरवण्याचा कारभार असतो. तो अर्ध्यात मोडला की पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

रक्त निघालं, दोघं एकमेकांना धरून लोळायला लागले, किंवा एकाला दुसरा गवताकडे फिरकूच देत नाही आणि त्याचं वजन उतरतंय, तर मात्र वेगळं करायचंच. हाताने नाही, जाड टॉवेल टाकून. बाकीच्या वेळी आपण गप्प बसायचं. हे लिहायला सोपं आहे, मला माहीत आहे.

आमच्याकडे फरक पडला तो जागेने. दुकानातला पिंजरा काढून पाच फूट बाय अडीच फुटांचं कुंपण केलं. पाण्याच्या बाटल्या दोन, गवताचे ढीग दोन, लपायची घरं दोन आणि प्रत्येक घराला दोन दारं. एकच दार असलं की आतला कोंडीत सापडतो आणि मग खरंच चावतो. आसपास मादी नको, तिच्या नुसत्या वासानेही नरांची डोकी फिरतात. सव्वा वर्षाचे झाल्यावर दोघं पुष्कळ निवळले. अजून कुरबुर होते, पण झोपतात शेजारी शेजारी.

मुळात नरच का एवढे नको होतात? कळपात चार माद्यांबरोबर एक नर सुखाने राहतो, पिल्लं मात्र अर्धी नर जन्मतात. त्यात विकणाऱ्याला नर-मादी ओळखता येत नाही. नर पिल्लू तीन आठवड्यांचं झालं की आईलासुद्धा गाभण करू शकतं. गर्भ साधारण ५९ ते ७२ दिवसांचा, आणि व्यायल्यावर काही तासांतच मादी पुन्हा माजावर येते. "दोन माद्या" म्हणून आणलेली जोडी अशी बघता बघता सात होते आणि जास्तीचे नर जाहिरातीत येतात. नसबंदी करता येते, पण लहान प्राण्यांचा हात असलेल्या डॉक्टरकडूनच. त्यानंतरही सहा आठवडे त्याला माद्यांपासून लांब ठेवावं लागतं. आणि दोन नरांची भांडणं थांबवायला तिचा फारसा उपयोग नाही.

प्राणी दुसऱ्याला देण्यात मला पाप वाटत नाही. घरात कुणाला ॲलर्जी निघते, कुणी आजारी पडतं. चीड येते ती लपवाछपवीची. जुळलेली जोडी फोडून "एकेक घेऊन जा" म्हणणाऱ्यांची तर जास्तच. स्वित्झर्लंडमध्ये २००८ पासून गिनीपिग एकटा ठेवायला कायद्यानेच बंदी आहे, ती उगाच नाही. सशाची सोबत चालत नाही, तो एक लाथ मारतो आणि खेळ खलास. "झाडीत सोडून देऊ" म्हणणाऱ्यांशी मी बोलतच नाही. माणसाच्या हातात हजारो वर्षं वाढलेला प्राणी आहे तो, बाहेर तगत नाही.

घेणाऱ्यालाही खरं सांगा. पाच ते आठ वर्षांचं काम आहे. रोज ढीगभर सुकं गवत लागतं. 'क' जीवनसत्त्व त्याच्या शरीरात तयार होत नाही, म्हणून रोज ताजी भाजी, ढोबळी मिरची उत्तम. दर आठवड्याला वजन. आणि जे कुणीच सांगत नाही ते: म्हाताऱ्या नराच्या मागच्या बाजूला मऊ लेंड्या अडकतात, त्या रोज आपल्या हाताने काढाव्या लागतात. हे ऐकून जो पळतो, तो आधीच पळालेला बरा.

आता माझीच जाहिरात. 'मादी' म्हणून आमच्या गळ्यात मारलेली रखमा घरी आल्यावर नर निघाली, तेव्हापासून रखमाजी. वय अडीच वर्षं, वजन १,१०० ग्रॅम, तब्येत ठणठणीत. बंडू-तात्याशी जमवून पाहिलं, जमलं नाही. तिसरा नर सहसा जमत नाहीच. सध्या जाळीपलीकडे राहतो. बोटाला चावत नाही, नखं कापताना मात्र आरडाओरडा करतो. शांत स्वभावाचा एकटा नर किंवा नसबंदी झालेली मादी ज्यांच्याकडे आहे, त्यांनीच विचारावं. पिंजरा मिळणार नाही. तुम्ही केलेल्या जागेचा फोटो आधी पाठवा, मग बोलू.