पागोळी कोणाची?

कोकणात घर बांधणं एक वेळ सोपं. त्याला आर्किटेक्ट असतो, बँकेचं कर्ज असतं, शेवटी वास्तुशांतीचं जेवण असतं. त्यामुळे लोक निमूट मान डोलावतात. परसातली लाकडाची खोप मात्र ज्याला त्याला कळते.

आमच्या दापोलीकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर. न्हाणीच्या चुलीला पावसाळाभर पुरेल इतकं जळण मृगाआधी कोरड्यात गेलं नाही, तर आंघोळ करण्याआधी धुराने डोळे न्हाऊन निघतात. म्हणून ठरवलं, या साली पक्की खोप. दहा बाय बारा फूट, चार खांब, वर पत्रा, बाजू मोकळ्या. संपलं.

संपलं कसलं! अण्णांनी लग्नपत्रिकेच्या पाठीमागे नकाशा काढला आणि त्यात गणपतीच्या मखरासाठी माळा दाखवला. माळा आला म्हणजे उंची वाढली. उंची वाढल्यावर बायकोच्या नजरेला तिथे स्कूटर दिसू लागली. आईने शेणी, नारळाची सोडणं, करवंट्या आणि झावळ्यांचे पिढे यांना वेगवेगळे कप्पे मागितले, कारण सोडणांतून विंचू निघतो आणि तो शेणीत जाता कामा नये. (विंचवाला हे कोण सांगणार, हा प्रश्न मी विचारला नाही.) लाकडं कुठे ठेवायची, हे नकाशात शेवटपर्यंत सापडेना.

पण हे सगळं घरातलं. खरी गाठ पडली ती पत्र्याच्या उतारावर. उतार घराकडे दिला तर पागोळी मागच्या भिंतीला आणि ओल थेट देवघरात. वाटेकडे दिला तर येणारा-जाणारा भिजणार. दुपाखी केली तर दोन्ही. राहिली बाजू एकच, गडग्याची, म्हणजे दगडी कुंपणाची. आणि गडग्यापलीकडे नाना.

नाना माझा सख्खा चुलतभाऊ, वयाने मोठा. खांबांचे खड्डे खणायला घेतले तसा गडग्याला हात टेकून उभा राहिला.

“पाणी कुठं जाणार?”

“खाली,” मी म्हटलं.

“खाली म्हणजे आमच्यात.”

घरात जाऊन मी हिशेब मांडला. एकशेवीस चौरस फूट म्हणजे साधारण अकरा चौरस मीटर, त्यावर तीन मीटर पाऊस, म्हणजे तेहेतीस हजार लिटर. दहा हजारी टँकर धरले तर तीन टँकर आणि वर काही. आकडा नानाला सांगायचा नाही असं ठरलं होतं. तो अण्णांनी सांगितला, आणि अभिमानाने सांगितला.

जागा सामायिक. सात-बारावर इतकी नावं आहेत की वाचता वाचता तलाठ्याचा चहा निवतो. त्यातले काही हयात नाहीत, पण हरकत घ्यायचा त्यांचा वारसा जोरात आहे. नानाने गडग्याचा फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. गणपतीलासुद्धा ज्यांचे पाय गावाला लागत नाहीत, त्या डोंबिवलीच्या काकांनी पाच मिनिटांत विचारलं, “चतुःसीमा पाहिल्या का?” विरारच्या आत्याने हात जोडल्याचं चित्र पाठवलं, ते बाजूने की विरुद्ध, हे अजून कळलेलं नाही.

एवढ्यात मे उजाडला, आणि मे महिन्यात फॅब्रिकेटर मिळणं म्हणजे चतुर्थीच्या आदल्या दिवशी एसटीत खिडकी मिळणं. तो “उद्या नक्की” म्हणायचा आणि तो उद्या दुसऱ्याच्या परसात उगवायचा. शेवटी आला. लोखंडाचं काम किलोवर, हे त्याने आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे अण्णांचा माळा वजनाच्या पहिल्याच आकड्याला आपोआप उतरला.

त्याच्या पोऱ्याचं काम मात्र बघण्यासारखं होतं. पन्हाळी पत्र्याच्या उंचवट्यावरच भोक पाडायचा, खळग्यात नाही. खळग्यातून पाणी वाहतं, तिथलं भोक गळणारच. स्क्रूखाली रबरी वॉशर. तो जरा चेपला की थांबायचं. जास्त आवळला तर चिरतो आणि दोन पावसांत गळती सुरू. हे सगळं तो तोंडात गुटखा धरून, एक शब्द न बोलता करत होता. त्या काळात परसात न बोलणारा माणूस तेवढाच.

बाकीचे वाऱ्यावर बोलत होते. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर चढलं, तेव्हापासून आमच्याकडे काळ सांगायची पद्धत तीच: लग्न निसर्गाआधीचं, म्हैस निसर्गानंतरची. मोकळ्या बाजूंनी वारा आत शिरतो आणि पत्रा खालून उचलतो, हे आता पोरंही सांगतात. नानाने तर लेखीच मागितलं की पत्रा उडून त्याच्या कलमावर पडला तर भरपाई कोणाची. त्याचा पत्रा निसर्गात आमच्या विहिरीत पडला होता, तो विषय मी काढला. मग खांब दोन फूट खोल काँक्रिटात गेले आणि दोन्ही पक्षांनी तो विषय मिटवला.

पागोळीवर तोडगा पोऱ्यानेच काढला. “पन्हळ लावा ना, भाऊ.” पत्र्याच्या कडेला पन्हळ, तिला पाईप, पाईप थेट पऱ्यात, म्हणजे ओहोळात. नानाच्या हद्दीत थेंब नाही. ग्रुपवर फोटो टाकला. आत्याचे हात पुन्हा जोडले गेले.

मृगाचा पाऊस कोसळला. खोप कोरडी, पन्हळ दुथडी भरून पऱ्याकडे धावतेय. मी चहाचा कप घेऊन बघत उभा, तर गडग्याला हात टेकून नाना. डोक्यावर इरलं.

“आमचं पाणी कुठं गेलं?”

“कुठलं पाणी?”

“तुमच्या परसातलं गडग्यातून झिरपून आमच्या अळवाला यायचं ते. आजोबांच्या वेळपासून येतंय. वहिवाट आहे ती.”

मी काही बोलायच्या आत खिशातला फोन वाजला. डोंबिवलीचे काका लिहीत होते: “वहिवाटीचा मुद्दा गंभीर आहे. आधी कागद काढा. तोवर पन्हळ सोडवून ठेवावी.”