अर्जाला मुदत नाही, म्हणून उत्तरालाही नाही

कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी महाविद्यालयात, अर्जाला अंतिम तारीख नसते, वर्षभर केव्हाही अर्ज करावा आणि प्रवेश मिळवावा, असे मला इतक्या जणांनी सांगितले होते की जूनच्या पहिल्या आठवड्यात अकाउंटिंगसाठी अर्ज भरताना मी अगदी निर्धास्त होते. आता ऑगस्ट संपत आला आहे, फॉल सत्राचे वर्ग भरू लागले आहेत आणि मी घरी बसले आहे. माझा संताप अनावर झाला आहे.

तीन आठवडे काहीच कळले नाही, तेव्हा मी फोन केला. माझा अर्ज संशयास्पद ठरवून बाजूला काढला होता! सरकारी आर्थिक मदत लाटण्यासाठी खोट्या नावांनी अर्जांचे गठ्ठेच्या गठ्ठे या महाविद्यालयांत घुसवले जातात, हे मला ठाऊक आहे आणि ते थांबलेच पाहिजे; पण संशय आला तर त्या माणसाला दोन ओळींचे पत्र पाठवून ओळख पटवायला सांगण्याइतकेही सौजन्य का नसावे?

ओळख पटली, तर रहिवासाचा प्रश्न निघाला. राज्याच्या रहिवाशाला एका युनिटचे (श्रेयांकाचे) 46 डॉलर, म्हणजे तीन युनिटांच्या विषयाचे 138 डॉलर पडतात. बाहेरच्या माणसाला त्याच विषयासाठी हजाराहून अधिक मोजावे लागतात. सत्र सुरू होण्याआधी एक वर्ष आणि एक दिवस राज्यात वास्तव्य हवे आणि इथेच राहण्याचा इरादा कागदोपत्री दाखवावा लागतो. एच-4 व्हिसावरील, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावरील, व्यक्तीला ही अट पूर्ण करून रहिवासी ठरता येते, तरीही खिडकीवरच्या बाईंनी व्हिसा पाहताच मला परदेशी विद्यार्थ्यांच्या रांगेत पाठवले. आम्ही इथे चार वर्षे राहतो आहोत, पण भाडेकरार नवऱ्याच्या नावावर, विजेचे बिल नवऱ्याच्या नावावर, आणि नोकरीची परवानगीच नसलेल्या बायकोने स्वतःच्या नावाचा कागद आणायचा तरी कुठून? संयुक्त करविवरणपत्र आणि वाहन परवाना मी पहिल्याच दिवशी दिले होते. तेच कागद तिसऱ्या खेपेला, दुसऱ्या कर्मचाऱ्याने पाहिले आणि पाच मिनिटांत मान्य केले.

तोवर संध्याकाळच्या वर्गाच्या सगळ्या जागा भरल्या होत्या आणि प्रतीक्षायादीही बंद झाली होती. पुण्यात अकरावीच्या प्रवेशफेऱ्यांना आम्ही घरोघरी नावे ठेवली, पण तिथे यादी कोणत्या दिवशी लागणार हे तरी छापलेले असे. इथे अर्जदाराला मुदत नाही, या सबबीवर महाविद्यालयानेही स्वतःला कसलीच मुदत घालून घेतलेली नाही. वर्षभर अर्ज घ्यायचे असतील तर खुशाल घ्या, पण अर्ज आल्यापासून किती दिवसांत निर्णय कळवाल ते लिहून द्या आणि ते दिवस पाळा.

पुढच्या अकाउंटिंगला बसायचे तर हा पहिला विषय आधी उत्तीर्ण व्हावा लागतो. आता तो जानेवारीत, म्हणजे दुसरा थेट पुढच्या फॉलला. तीन युनिटांच्या एका वर्गापायी माझे अख्खे सत्र मागे पडले आहे.