काटे, चमचे आणि लोहचुंबक

मराठी घरात कटलरीचा सेट कोणी विकत घेत नाही, तो येतो. लग्नात, आहेर म्हणून. लाल मखमलीचं अस्तर लावलेली पेटी, आणि पेटीत प्रत्येक काट्याला, चमच्याला, सुरीला स्वतंत्र खाच. मुंबईत माणसाला मिळत नाही एवढी ऐसपैस जागा मिळाल्यावर त्यांनी खरं तर सुखात राहावं. पण रोजचे पोह्यांचे चमचे एकमेकांवर आपटत, आमटीत बुडत, मावशींच्या हातून फरशीवर पडत वर्षानुवर्षं ठणठणीत राहतात आणि हे मखमलीतले मात्र माळ्यावर बसल्या बसल्या आजारी पडतात.

आमचा सेट माझ्या नणंदेच्या सासरहून आलेला. प्रत्येक दांड्यावर टिंबाटिंबांनी ‘सप्रेम भेट’ कोरलेलं, म्हणजे तो पुढे कुणाच्या लग्नात सरकवायचीही सोय नाही. तो खाली काढायची वेळ आली ती नवऱ्याच्या डेन्मार्कहून आलेल्या साहेबांमुळे. ‘ते हातानेही जेवतील गं,’ नवरा म्हणाला, ‘पण आपल्याकडे काटे नाहीत असं वाटायला नको.’ एवढं बोलून तो ऑफिसला गेला. घरातल्या अवघड कामांची त्याची वाटणी नेहमी अशीच असते.

पेटी उघडली आणि आत त्वचारोगाचा वॉर्ड. चमच्यांवर पांढरे चट्टे, एका मोठ्या डावावर निळी-जांभळी झाक, सुऱ्यांवर तांबूस ठिपके, आणि कोरलेल्या ‘सप्रेम’मध्ये गच्च बसलेलं काळं कीट.

‘चिंच आणि राख,’ सासूबाई म्हणाल्या. ‘गिरगावात आम्ही दुसरं काही वापरलंच नाही.’

‘आई, गोरेगावात पाइपच्या गॅसवर राख कुठून आणू?’

‘उदबत्तीची आहे की.’

देवघरातली सगळी राख गोळा करून जेमतेम एका चमच्याची सोय झाली. वर चिमूटभर मीठ घेऊन त्या लिंबाची फोड चोळायला निघाल्या, तेवढ्यात चिरंजीव खोलीतून बाहेर आले. तो अकरावी सायन्सला आहे. एरवी हाक मारली तरी येत नाही. पण दुसऱ्याचं चुकतंय असा नुसता वास आला की हजर.

‘आजी, मीठ नको! तांब्याच्या बंबाला चालतं, स्टीलला नाही.’

त्याचं म्हणणं असं की स्टीलमध्ये क्रोमियम असतं आणि हवेतल्या प्राणवायूशी जुळून ते वरती एक डोळ्यांना न दिसणारा थर धरतं. ओरखडा पडला तरी हवा लागली की तो थर आपोआप पुन्हा धरतो. मिठातलं क्लोराइड मात्र त्याला बारीक बारीक भोकं पाडतं. कपड्यांच्या ब्लीचचंही तेच. सासूबाईंनी मीठ खाली ठेवलं, पण त्याच्याकडे असं बघितलं की बारशाला आपण याच्या पाळण्यात सोन्याची साखळी उगाच घातली.

त्यानंतर चिरंजिवांनी स्वतःचा प्रयोग मांडला: खायचा सोडा आणि व्हिनेगर, दोन्ही एकदम. काय फेस आला! फेस आला की बघणाऱ्याला अर्धी साफसफाई झाल्यासारखी वाटते. मी, सासूबाई आणि मधल्या वेळी आलेल्या मावशी, तिघी सिंकवर ओणवून बघत होतो. फेस बसला. चट्टे होते तिथेच.

‘होणारच,’ तो शांतपणे म्हणाला. ‘एक ॲसिड, एक अल्कली. दोघं एकमेकांना संपवतात. उरतं ते जवळजवळ नुसतं पाणी.’

‘मग आधी का नाही बोललास?’

‘आजीला फेस बघायचा होता.’

शेजारच्या काकूंच्या कानावर गेलंच होतं. त्या चपात्या गुंडाळायच्या ॲल्युमिनियम फॉइलचा अख्खा रोल घेऊन आल्या. फॉइल खाली, वर चमचे, त्यावर सोडा आणि उकळतं पाणी. काकूंची चांदीची निरांजनं म्हणे यातून आरशासारखी निघतात. निघत असतील, चांदी गंधकाने काळी पडते आणि गरम सोड्याच्या पाण्यात ॲल्युमिनियम ते गंधक तिच्यापासून ओढून घेतं. स्टीलवर त्यातलं काहीच नसतं, त्यामुळे ओढणार काय? चमचे छान शेकून निघाले. काकूंना मात्र आमच्या स्टीलमध्येच काही खोट असावी असं वाटलं, आणि पुढे जे झालं ते पाहता हे त्या बोलल्या नसत्या तर बरं झालं असतं.

मावशींनी तोवर तारेची घासणी हातात घेतली होती. ‘ताई, द्या इकडं, एका मिनटात पांढरेफेक करते.’ मी त्यांना जवळजवळ मिठीच मारली. साध्या लोखंडी तारेचे कण स्टीलवर चिकटून राहतात आणि मग तेच गंजतात. ओरखडे पडतात ते वेगळेच. मावशींना हे पटलं नाही. नंतर किती तरी वेळ त्या मोरीतून ‘मग घासणी आणता कशाला घरात’ असं स्वतःशीच म्हणत होत्या, आणि त्याला उत्तर नव्हतं.

खरं काम झालं ते अगदीच नीरस पद्धतीने. पांढरे चट्टे म्हणजे पाण्यातला चुना. भातसा-तानसाचं पाणी तसं मऊ. पण उन्हाळ्यात आमची सोसायटी बोअरवेलचा टँकर मागवते, आणि मागे एका वाढदिवसानंतर नवऱ्याने मोठ्या उत्साहाने हा सेट त्याच पाण्यात धुऊन, ओलाच पेटीत बंद केला होता. व्हिनेगरमध्ये पाणी घालून त्यात भिजवलेला फडका फिरवला, चट्टे गेले. निळी-जांभळी झाकही त्यानेच गेली. सासूबाईंनी एकदा लसणाची फोडणी थेट त्या डावात, गॅसच्या ज्योतीवर धरून केली होती आणि उष्णतेने तो अदृश्य थर जाड झाला होता. फडका फिरवताना मी फोडणीचा विषय काढला नाही. ‘सप्रेम’मधलं कीट सोडा आणि पाण्याच्या दाटसर लेपाने, जुन्या टूथब्रशने निघालं. लेप स्टीलच्या बारीक रेघांच्या दिशेनेच चोळायचा, गोल गोल नाही. मग धुवायचं आणि लगेच जुन्या सुती साडीच्या तुकड्याने कोरडं करायचं. यात फेस नाही, त्यामुळे बघायला कोणी थांबलं नाही.

उरल्या सुऱ्या. चमच्यांना नाही आणि सुऱ्यांनाच गंज का, असं मी विचारलं आणि तिथून सगळं बिघडलं.

‘पात्याला धार हवी, म्हणून त्याचं स्टील वेगळं, कडक,’ चिरंजीव म्हणाला. ‘क्रोमियम 13 टक्क्यांच्या आसपास. 1913 साली शेफील्डमध्ये हॅरी ब्रेअर्ली नावाचा माणूस बंदुकीच्या नळ्या झिजू नयेत म्हणून वेगवेगळी स्टील करून बघत होता. त्यातलं एक गंजेना. त्यात क्रोमियम 12.8 टक्के होतं.’

‘बंदुका सोडून सुऱ्या केल्या?’ सासूबाई म्हणाल्या. ‘शहाणा माणूस.’

‘चांगल्या चमच्यात 18 टक्के क्रोमियम आणि 8 ते 10 टक्के निकेल असतं. म्हणून चुंबक सुरीला चिकटतो, चमच्याला नाही. हे बघ.’ आणि त्याने फ्रिजवरचा शिर्डीचा चुंबक काढून सुरीला लावला. टक्. मग चमच्याला लावला.

टक्.

स्वयंपाकघरात शांतता पसरली. काट्याला लावला. टक्. डावाला लावला. टक्.

‘म्हणजे निकेल नाही,’ तो म्हणाला. ‘थोडं स्वस्त असतं, पण हेही स्टेनलेसच, आजी. आणि निकेल कमी करून मँगनीज घातलेलं स्वस्त स्टीलही चिकटत नाही, त्यामुळे चुंबकावरून सगळंच काही...’

सासूबाई ‘स्वस्त’ या शब्दाच्या पुढे गेल्याच नव्हत्या. माझ्या लग्नाच्या हॉलमध्ये विहीणबाईंनी ‘चांगला भारीतला दिलाय हो’ असं चारचौघांत सांगितलं होतं, आणि तेव्हापासून सासूबाईंना काही तरी खटकत होतं. फक्त पुरावा नव्हता. आता तो त्यांच्या मुठीत होता, वर साईबाबांचा आशीर्वाद असलेला.

साहेब आले, जेवले. त्यांनी काट्याने बटाट्याची भाजी खाल्ली, श्रीखंड दोनदा घेतलं आणि चमचे छान आहेत असं म्हणाले. ‘दिसायला आहेत,’ सासूबाई मराठीत म्हणाल्या. नवऱ्याने त्याचं भाषांतर केलं नाही.

त्या रविवारी सकाळी नणंदेचा फोन आला. आवाज दबलेला.

‘वहिनी, आई आलीये. चहासुद्धा घेतला नाही. पर्समधून काही तरी काढून माझा चमच्यांचा ड्रॉवर उघडून बसलीये. आमच्या सासूबाई देवळातून एवढ्यात येतील. फोन देऊ का तिला?’

‘नको वन्सं,’ मी म्हटलं. ‘आधी बघा, चिकटतोय का?’